सात नंबरचा आवाज

थोरली: अंगठ्याने दाबू नकोस. बोटाच्या पेराने ठोक आणि ऐक.

धाकटी: ठोकतेय. ताई, सहा दिवस मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते, आणि सातव्या दिवशी तू मला गाडीच्या दाराला कान लावून बसवलंयस. बघणाऱ्याला वाटेल, आत कुणीतरी अडकलंय.

थोरली: बघणारं कोण आहे? पार्किंगमध्ये आपण दोघी आणि ते मांजर. आणि हौसेने नाही बोलावलेलं तुला. आपल्या घरात धड कान तुला एकटीलाच मिळालेत.

धाकटी: हे कौतुक होतं का?

थोरली: नोंद होती. बोल, काही ऐकू येतंय?

धाकटी: थांब. इथे. खिडकीच्या खाली पोकळ वाजतंय. आतला पत्रा मोकळा असेल, नाहीतर ती आडवी तार.

थोरली: तार. मागच्या रविवारी दाराचं आवरण काढून तिला स्पंज लावला होता. निसटला असणार. नंबर तीन, पुन्हा उघडा.

धाकटी: नंबर तीन?

थोरली: ही बघ वही. एकूण सात आहेत. एक, काचेखालची चिरचिर, फक्त ऊन असताना. दोन, मागची नंबरपट्टी, दार आपटलं की. तीन, ही तार. चार, मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल, रिकामं असलं की दाराच्या खांबावर आपटतं. पाच, डिकीतला जॅक. सहा, समोरचा कप्पा.

धाकटी: तारीख, वेग, रस्ता, कुठून, कसा... अगं, ही गाडीची वही आहे का पेशंटची?

थोरली: बावीस वर्षं औषधांचं गोदाम सांभाळतेय. मोजलं नाही तर मला दिसत नाही.

धाकटी: ‘ताशी तीस, डांबर, काचेखालून, उंदीर कागद कुरतडतो तसा.’ छान लिहितेस की. गॅरेजवाल्याला दाखवलीस?

थोरली: दाखवली. दोन पानं वाचली त्याने, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बाई, गाडी बारा वर्षांची आहे, रेडिओ लावत जा.

धाकटी: खरंय ना त्याचं. एवढी कसली घाई आहे तुला?

थोरली: तुला माहीत नाही?

धाकटी: नाही, म्हणजे, अंदाज आहे.

थोरली: पाच वाजता आई खाली येणार आहे. तिला घेऊन एक चक्कर मारायची. आवाज आला नाही, तर या गुरुवारपासून फिजिओकडे मी नेणार. तिचे स्वतःचे शब्द आहेत. ‘आधी ती खडखड बंद कर, मग बसते तुझ्या गाडीत.’

धाकटी: हो, मलाही म्हणाली ती.

थोरली: तुला कधी म्हणाली?

धाकटी: गुरुवारी. गाडीत.

थोरली: हं. गाडीत.

धाकटी: ताई, त्यात ‘हं’ कसला?

थोरली: कसलाच नाही. ती फेल्टची पट्टी दे. काळी नको, जाड. दोन बोटं रुंद काप.

धाकटी: घे. आणि हे बघ, मला काही नेण्याची हौस नव्हती. तीन महिन्यांपूर्वी तिचाच फोन आला. म्हणाली, मोठीच्या गाडीत डोकं उठतं माझं, तू येशील का?

थोरली: माझ्या पायाखालच्या मजल्यावर राहते आई. तिचा कुकर वाजला की मी शिट्ट्या मोजते. आणि गुरुवारी तिला न्यायला सात किलोमीटरवरून तू येतेस. चार वाजून दहा मिनिटांनी. हॉर्न न वाजवता.

धाकटी: तू गॅलरीतून बघतेस?

थोरली: कपडे काढत असते वाळलेले.

धाकटी: दर गुरुवारी चार दहाला?

थोरली: तेव्हाच वाळतात. व्यायाम अर्ध्या तासाचा. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. म्हणजे सहाला दारात यायला हवं. तुम्ही येता पावणेसातला. मागच्या वेळी तिच्या शालीवर आइस्क्रीमचा डाग होता. पिस्त्याचा.

धाकटी: डागाची चवही घेतलीस?

थोरली: रंग हिरवा होता. माझ्यासोबत नऊ वेळा आली. आइस्क्रीम हवं का विचारलं की म्हणायची, नको गं, दात शिवशिवतात.

धाकटी: मला नाही म्हणाली तसं.

थोरली: तुला कशी म्हणेल? तू चिऊ. तू म्हणशील ते खाईल. मी तीन वर्षांची असताना तू झालीस आणि त्या दिवशी माझं नाव ‘मोठी’ पडलं. त्याआधी मला काय हाक मारायची, कुणालाच आठवत नाही. विचारलं मी तिला. तिलाही नाही.

धाकटी: मोठीत वाईट काय आहे? मोठीला किल्ल्या मिळतात.

थोरली: हो. आणि चिऊला गुरुवार मिळतात. तार धर, मी चिकटवते.

धाकटी: धरली. तुला वाटतं, मलाच सगळं मिळतं. आई आजारी पडली तर मला कोण सांगतं? तू. घराची रंगसफेदी ठरली, ते कुणाकडून कळलं? रंगाऱ्याकडून. काही विचारलं तर तिचं एकच. मोठीला सांगितलंय, तिला विचार. चाळीस वर्षांत एक बातमी मला पहिल्या हाताने मिळालेली नाही.

थोरली: दाब आता. अजून. झालं. तीन बंद.

धाकटी: तू ऐकलंस का मी काय म्हटलं?

थोरली: ऐकलं. बातम्या म्हणजे काय, बिलं, नळ, डॉक्टरची वेळ. त्या मला मिळतात. घे, सगळ्या घे. बदल्यात पिस्त्याचा डाग दे.

धाकटी: चल, जॅक दाखव.

थोरली: जॅकला तुझ्या भाच्याची जुनी पँट गुंडाळली आहे. गप्प आहे तो. बक्कलला मोजा चढवलाय. नंबरपट्टीच्या मागे दोन्हीकडून चिकटणारी टेप आणि स्पंज. काचेखाली फेल्ट कोंबलंय. समोरचा कप्पा तू रिकामा कर.

धाकटी: चार पेनं, टॉर्च, सुट्टी नाणी, एक चमचा... चमचा कशाला?

थोरली: आईला गोळी चुरून द्यायला.

धाकटी: माझ्यासोबत ती गोळी अख्खी गिळते.

थोरली: छान. हेही लिहून ठेवू का?

धाकटी: चिडू नकोस गं. सांगितलं नुसतं.

थोरली: सहज सांगतेस तेच तर जास्त लागतं. चमचा बाहेर ठेव, बाकी पिशवीत भर. आता बस मागे, डाव्या बाजूला, आई बसायची तिथे. चक्कर मारू. खडी टाकलेल्या गल्लीतून नेते, तिथे सातवा वाजायचा.

धाकटी: सातव्याचं काय लिहिलंयस? तू वाचलाच नाहीस तो.

थोरली: ‘मागे डावीकडून. टिकटिक, मग एक टक. खडबडीत रस्ता. कारण सापडत नाही.’ तोच खरा. आईचं डोकं त्यानेच उठायचं. मागची सीट काढून बघितली, चाकाजवळचं अस्तर काढलं. गॅरेजवाला अर्धा तास गाडी फिरवून आला, म्हणाला, मला तर काहीच ऐकू आलं नाही. दार लाव.

धाकटी: लावलं.

थोरली: ऐक आता. ही खडी सुरू झाली.

धाकटी: ऐकतेय.

थोरली: काही?

धाकटी: टायर. खडी. तुझा श्वास.

थोरली: अजून हळू घेते. आता?

धाकटी: काही नाही, ताई. गाडी गप्प आहे. झालं काम तुझं. वळव आता.

थोरली: सातवा कुठे गेला?

धाकटी: गेला. जॅकचाच असेल तो.

थोरली: जॅक उजवीकडे असतो. हा डावीकडचा.

धाकटी: आवाज फसवतात. पत्र्यातून कुठून कुठे जातात. माझ्याकडे रोज येतात लोक, उजव्या कानात शिट्टी वाजते म्हणतात आणि बिघाड डाव्यात निघतो. सोड ना. बंद झाला ना, मग तुला काय?

थोरली: न सापडता बंद झालेला आवाज परत येतो. आणि आई बसली असतानाच येईल. थांब, गाडी बाजूला घेते. वही दे.

धाकटी: पावणेपाच झाले. आई खाली येऊन उभी राहील.

थोरली: वही दे म्हटलं ना.

धाकटी: घे बाई.

थोरली: सातवा. पहिली नोंद, गुरुवार. दुसरी, गुरुवार. तिसरी... चिऊ, हे सगळे गुरुवारच आहेत. नऊच्या नऊ. बाकी सहा रोज वाजतात. मी कामावर जाताना, भाजी आणताना. हा फक्त गुरुवारी.

धाकटी: गुरुवारी तू त्याच रस्त्याने जायचीस म्हणून.

थोरली: त्या रस्त्याने मी शनिवारीही जाते. आणि शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची. आई ज्या दिवशी शेवटची बसली, तीच तारीख. म्हणजे तीन महिने मी ज्याच्या मागे लागलेय तो या तीन महिन्यांत एकदाही वाजलेला नाही. आणि माझ्या लक्षातही आलं नाही. गोदामात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं.

धाकटी: तू दमली आहेस. घरी जाऊ या.

थोरली: गुरुवारी गाडीत काय जास्त असतं? आई. तिची पिशवी. पाण्याची बाटली. शाल.

धाकटी: बाटली असेल.

थोरली: बाटली प्लास्टिकची. आणि तिची काठी. ती घडीची. दाराला उभी टेकवून बसायची, डाव्या बाजूला.

धाकटी: असेल मग तीच. चला, सापडलं.

थोरली: तुझ्या गाडीत काठी कुठे ठेवते?

धाकटी: डिकीत.

थोरली: आई काठी हातातून सोडत नाही. दात घासतानाही बेसिनला लावून ठेवते. तिने डिकीत ठेवू दिली?

धाकटी: मी म्हटलं, पायात येते तुझ्या. टॉवेलात नीट गुंडाळून ठेवते, ओरखडा पडणार नाही.

थोरली: टॉवेलात.

धाकटी: हो.

थोरली: ॲल्युमिनियमच्या काठीला ओरखडा पडू नये म्हणून टॉवेल.

धाकटी: ताई...

थोरली: कधी कळलं तुला?

धाकटी: पहिल्याच दिवशी. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे, तिथे. टिकटिक, टक. मधला जोड सैल आहे तिचा. आई म्हणाली, अगं बाई, तुझ्याही गाडीत? मी गाडी थांबवली, काठी मागे नेली. पुढे निघालो तर आई म्हणाली, बघ, तुझी गाडी शहाणी आहे, लगेच गप्प झाली.

थोरली: आणि तू ऐकून घेतलंस.

धाकटी: घेतलं.

थोरली: मी सीट उचकटली. दोन नखं तुटली माझी. फोन करून तुला सांगितलं होतं, नखं तुटली म्हणून. तू म्हणालीस, काळजी घे.

धाकटी: त्या दिवशी खरंच सांगणार होते. मग वाटलं, सांगितलं की काठी तुझ्या गाडीत जाणार. आणि काठीबरोबर आई. मला फक्त दोन-तीन गुरुवार हवे होते. मग चार झाले. मग सांगायची लाज वाटायला लागली. आज तू बोलावलंस तेव्हा वाटलं, तुला कळलंय.

थोरली: मला कळलं असतं तर कशाला बोलावलं असतं? एवढा वेळ तू माझ्या गाडीला कान लावून बसलीस. काय ऐकत होतीस?

धाकटी: बाकीचे सहा खरे होते ना. ते तर मन लावून ऐकले.

थोरली: उपकार झाले. आता एक सांग. चाळीस मिनिटं जाताना, चाळीस येताना. आणि आइस्क्रीमला पाऊण तास. काय बोलता एवढं तुम्ही?

धाकटी: काही नाही गं.

थोरली: काही नाही, तर एवढ्यासाठी काठीला टॉवेल गुंडाळलास?

धाकटी: आई तुझं बोलते.

थोरली: काय?

धाकटी: तुझंच. जाताना तू, येताना तू. मोठीने औषधांच्या डब्यांवर अक्षर बघ कसं काढलंय. मोठीने दिवे गेले तेव्हा सगळ्या मजल्यांना मेणबत्त्या वाटल्या. मोठीचे हात खरखरीत झालेत, तिला सांगायची सोय नाही, तूच एखादं मलम घे. पिस्ता आइस्क्रीम मोठीला आवडायचं लहानपणी, म्हणून तेच मागवते. मला पिस्ता आवडत नाही. मी तीन महिने पिस्ता खातेय.

थोरली: खोटं बोलतेस.

धाकटी: खोटं बोलायचं असतं तर माझ्या सोयीचं बोलले असते. एवढा खटाटोप करून तिला बाजूला बसवलं, तर गाडीत पुन्हा तूच.

थोरली: माझ्या गाडीत ती तुझं बोलायची.

धाकटी: माझं?

थोरली: नऊच्या नऊ गुरुवार. चिऊ हसली की कसं मोकळं वाटतं. चिऊने दवाखान्यात त्या बहिऱ्या मुलीला पहिल्यांदा ऐकवलं, तिची आई रडली. चिऊ अशी, चिऊ तशी. सातवा वाजायचा तेव्हा मला बरं वाटायचं. निदान विषय बदलायचा.

धाकटी: अजून काय म्हणायची?

थोरली: आता का सांगू?

धाकटी: सांग ना. मलम मी घेऊन ठेवलंय तुझ्यासाठी. माझ्या पर्समध्ये आहे, महिना झाला.

थोरली: महिना झाला आणि दिलं नाहीस.

धाकटी: तिने सुचवलेलं होतं ना. द्यावंसं वाटेना.

थोरली: दे इकडे. पाच झाले, आई आली असेल खाली.

आई: कुठे होतात गं दोघी? म्हणते मी, पाच म्हणजे पाच. जिना उतरून उभी आहे, ते मांजर तेवढं भेटायला आलं. आणि मोठे, तुझ्या हाताला कसलं काळं लागलंय?

थोरली: डिंक आहे टेपचा. आई, ती काठी दे जरा.

आई: काठी कशाला?

थोरली: मधला जोड सैल झालाय. ही फेल्टची पट्टी उरलीय, एक वेढा घालते.

आई: तो तर कधीचा सैल आहे. घरात चालताना टिकटिक करते. मला सवय झाली.

धाकटी: आई, घरात वाजते, मग गाडीतही वाजत असेल ना ती?

आई: गाडीत कशी वाजेल? गाडीत मी चालते का?

थोरली: नाही. बरोबर आहे तुझं. घे काठी. बस आता, मागे, डावीकडे. पाय लांब कर. चिऊ, तू पुढे बस.

आई: काठी मागे ठेवायची ना? चिऊच्या गाडीत टॉवेलात ठेवतो आम्ही.

थोरली: इथे तुझ्याजवळ राहू दे. टॉवेल नको.

धाकटी: ताई, खडीच्या गल्लीतून?

थोरली: खडीच्याच.

आई: हळू गं... अरे वा. काहीच नाही की. त्या वाटेने आलो तरी नाही. मी म्हणत नव्हते, मनावर घेतलं की मोठी करते. काय होतं गं शेवटी?

थोरली: सात ठिकाणी सात गोष्टी होत्या.

आई: आणि सगळ्या तू शोधल्यास?

थोरली: सहा मी. सातवा चिऊला आधी सापडला.

धाकटी: ताई.

थोरली: सापडला ना? मग.

आई: बरं झालं. मग आता गुरुवारी कोण येणार मला न्यायला?

थोरली: चिऊ नेईल.

धाकटी: ताई नेईल.

आई: म्हणजे दोघींनाही नको झाले का मी?

धाकटी: तसं नाही गं आई. अगदी उलट आहे.

आई: उलट म्हणजे काय? सरळ सांगा.

थोरली: या गुरुवारी मी. पुढच्या गुरुवारी ही. गुरुवार वाटून घेतलेत.

आई: मग ठीक.

धाकटी: आई, गप्प का बसलीस? डोकं उठलं का?

आई: नाही गं.

धाकटी: मग बोल ना काहीतरी. माझ्या गाडीत तर तोंड मिटत नाही तुझं.

आई: काय बोलू? दोघीही इथेच बसलात.

थोरली: दूध संपलंय घरात. मी इथे उतरते. चिऊ, तू ये चालवायला. तुम्ही दोघी तळ्याला वळसा घालून या, तोवर मी घेते.

आई: एका पिशवीला वळसा कशाला? थांबतो की आम्ही.

थोरली: रांग असते. जा तुम्ही.

धाकटी: रांग कुठे आहे, ताई? दुकानात चिटपाखरू नाही.

थोरली: (खिडकीशी वाकून, हळू) जाऊन ये म्हटलं ना. आणि ही घे वही. मागची पानं कोरी आहेत. ती बोलेल त्यातलं काही गाळू नकोस.